उजळणीचं शहर

बंगळूरला देशाची रॉक राजधानी म्हणायची पद्धत जुनी आहे, आणि त्या बिरुदावरचा आक्षेपही तेवढाच जुना. राजधानी म्हणता, पण तिथल्या क्लबांमध्ये इतकी वर्षं वाजतं काय? पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, लेड झेपलिन, जेथ्रो टल. परक्या देशातल्या माणसांनी, त्यांच्या काळातल्या श्रोत्यांसाठी केलेली गाणी. त्यातही सुटी गाणी न घेता एखादा जुना अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मूळ क्रमानं मंचावर उभा करायचा आणि जाहिरातीत 'ट्रिब्यूट' असं छापायचं, ही आता रूढ झालेली रीत आहे. आक्षेप घेणाऱ्याला ती नक्कल वाटते. फार तर हौस. मला तसं वाटत नाही. बंगळूरमध्ये दुसऱ्याचा अल्बम वाजवण्याची जी परंपरा घडली तिला 'उजळणी' हा आपल्याकडचा शब्द नेमका बसतो. शाळेत पाढ्यांची करतात ती उजळणी, आणि काळवंडलेलं भांडं घासून लख्ख करतात तीही. ही रीत टंचाईतून जन्मली, तिनं या शहराचा कान तयार केला, आणि या शहरानं स्वतःचं म्हणून जे संगीत केलं ते त्याच कानाच्या बळावर केलं.

हे समजायला रॉकच्या पुष्कळ आधी जावं लागतं. केंपेगौडानं १५३७ मध्ये वसवलेली पेठ मराठी वाचकाला शहाजीराजांच्या जहागिरीमुळे माहीत असते. पण या शहराच्या पाश्चात्त्य संगीताची हकिकत त्या पेठेतली नाही. ती पेठेच्या ईशान्येला उभ्या राहिलेल्या छावणीतली आहे. टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणची इंग्रज पलटण १८०९ मध्ये बंगळूरला हलली आणि तिच्याभोवती कँटोन्मेंट नावाचं दुसरंच शहर वसलं. १८८१ मध्ये म्हैसूरचं राज्य वडेयरांना परत मिळालं तरी हा तुकडा 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन' म्हणून इंग्रजांच्याच हाती राहिला, आणि दोन्ही गावं मिळून एक महानगरपालिका व्हायला १९४९ उजाडलं. छावणी म्हटली की लष्करी बँड आला, लष्करी बँड आला की कब्बन पार्कातला बँडस्टँड आला, आणि १८६८ मध्ये सुरू झालेल्या बेंगलोर क्लब आणि बाउरिंग इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांमधले नाच आले. हे वाजवणाऱ्यांत गोरे शिपाई होते, तसे अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि तमिळ ख्रिस्ती वादकही होते. त्यांच्यापुढे विलायतेहून आलेली छापील सुरावट असे आणि ती चोख वाजवणं हे त्यांचं काम. हे गाणं तुझं की दुसऱ्याचं, असं त्यांना कुणी विचारत नसे. सनईवाल्याला लग्नात तसं कुणी विचारत नाही, तसंच. वादक हा आधी कारागीर, मग कवी, ही समजूत छावणीच्या रस्त्यांवर रॉक यायच्या शंभर वर्षं आधी रुजली होती. पुढचं सगळं त्या जमिनीवर उगवलं.

साठच्या दशकात ही छापील सुरावट गेली आणि तिची जागा तबकडीनं घेतली. पण तबकडी सहज मिळत नव्हती. परकीय चलनाची टंचाई होती, चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनी जे विलायती अल्बम छापायचं ठरवी तेवढेच दुकानात येत. बाकीचे कुणाच्या तरी परदेशातल्या मामानं आणलेले, आणि मग साऱ्या गल्लीत फिरणारे. विजेच्या गिटारी, अॅम्प्लिफायर हीही तशीच दुर्मीळ चीज. आणि मूळ कलाकार? ते तर इकडे फिरकतच नव्हते. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या छोट्या डिस्कोथेकमध्ये त्यांनी वाजवलं, ही गोष्ट पन्नास वर्षं झाली तरी सांगितली जाते. एवढी दुर्मीळ होती, म्हणूनच सांगितली जाते. अशा देशात ज्याला ते संगीत समोर घडताना ऐकायचं होतं त्याच्यासाठी एकच वाट होती: आपल्यातल्याच चौघांनी ते वाजवायचं. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी त्या काळात 'सिमला बीट' नावाची स्पर्धा भरे. गावोगावचे बँड मुंबईच्या अंतिम फेरीला येत. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या. त्यांवर स्वतःच्या रचना आणि परक्यांची गाणी शेजारी शेजारी आहेत. त्या पोरांना त्यात काही विसंगती वाटलेली दिसत नाही. सिद्धार्थ भाटिया यांनी 'इंडिया सायकेडेलिक' या पुस्तकात ही सगळी पिढी नोंदवून ठेवली आहे.

बंगळूरच्या बाबतीत त्या पिढीतलं मोठं नाव ह्यूमन बाँडेज. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात गाजलेला हा बँड. त्यात सुरेश आणि रमेश शोथम हे भाऊ होते, राधा थॉमस गात असत. या बँडचं पुढे काय झालं हे पाहण्यासारखं आहे, त्याकडे मी परत येईन. आधी ही माणसं शिकत कशी, ते पाहू. स्वरलेखनाची पुस्तकं हाताशी नव्हती. तबकडी लावायची, सुई उचलून पुन्हा त्याच खाचेवर ठेवायची, आणि गिटारवरची धावती जागा सापडेना तर मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी सोळाच्या वेगावर फिरवायची. सूर जवळपास सप्तकभर खाली येतात, पण बोटं मोजता येतात. पुढे कॅसेट आली. टेपरेकॉर्डरची मोटर जरा मंद असली तर अख्खं गाणं पाव सूर उतरतं, आणि त्या उतरलेल्या सुराला गिटार मिळवून घ्यावी लागते. एकेका गाण्याला आठवडे जात. असा शिकलेला माणूस ते गाणं नुसतं ओळखत नाही. त्याला त्याचे सांधे, खिळे, चुकासुद्धा माहीत असतात. आपल्याकडे ही शिक्षणपद्धत अनोळखी नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली हा मुलगा थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचा आणि सभा थक्क व्हायच्या. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून तो कोणाचीच नक्कल न करणारा कुमार गंधर्व झाला. ज्या मराठी रसिकाला त्या पोराच्या नकलेचं कौतुक आहे त्यानं कँटोन्मेंटमधल्या पोरानं जिमी हेंड्रिक्स उतरवून घेतला तर नाक मुरडायचं कारण नाही.

टंचाईतून उजळणी जन्मते हे बंगळूरपुरतं खरं नाही. ट्रिब्यूट बँडांची जी मोठी घराणी जगात आज नावाजलेली आहेत त्यांतली दोन ऑस्ट्रेलियातली आहेत. १९८८ मध्ये अॅडलेडला ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड सुरू झालं, त्याच वर्षी मेलबर्नला आबा या बँडची गाणी करणारं ब्यॉर्न अगेन. ऑस्ट्रेलियाच का? मला याचं एक कारण सरळ भूगोलात दिसतं: लंडनहून निघालेला मोठा बँड तिथवर क्वचित पोचे. ज्या गावी देव स्वतः येत नाही तिथे पालखी काढावी लागते. अॅडलेडच्या त्या बँडनं पुढे डेव्हिड गिल्मरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, म्हणजे मूळ गिटारवादकासमोरच, वाजवलं. आपल्याकडे शिलाँगमध्ये गायक लू माजॉ १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस त्याची गाणी गाऊन साजरा करत आले आहेत. डिलन तिथे गेलेला नाही. टोरांटोमध्ये २००३ मध्ये 'क्लासिक अल्बम्स लाइव्ह' सुरू झालं, ते मात्र टंचाईतून नव्हे. वेशभूषा नाही, नाट्य नाही, फक्त तबकडीवर जे आहे ते जसंच्या तसं मंचावर आणायचं, हा त्यांचा नेम. पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद बेथोवेनची सिंफनी ज्या वृत्तीनं वाजवतो तीच ही वृत्ती. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला अल्बम आता सुटी करमणूक राहिलेला नाही, तो पाठ असलेला ग्रंथ झाला आहे, आणि ग्रंथाला पारायण लागतं, ही जाणीव ठिकठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी आलेली दिसते.

बंगळूरमध्ये ती पबमधून आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिगेड रोड, चर्च स्ट्रीट, रेसिडेन्सी रोड या पट्ट्यात पब उघडत गेले. चर्च स्ट्रीटवर अंतराळयानासारखा सजवलेला नासा होता, हेंड्रिक्सच्या गाण्याचं नाव घेतलेला पर्पल हेझ होता. पण ब्रिगेड रोडला लागून असलेल्या रेस्ट हाउस रोडवर १९८९ मध्ये सुरू झालेल्या पेकोसचं महत्त्व वेगळं. अरुंद जिना, भिंतीवर जुनी पोस्टरं, आणि गल्ल्यामागे कॅसेटींचा साठा. तिथे क्लासिक रॉकच वाजे. कॅसेटवरचं गाणं निवडून काढणं कटकटीचं असतं. लावली की एक बाजू संपेपर्यंत चालू राहते, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात गाण्याबरोबर त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाणंही बसतं. एका गाण्याचा शेवटचा सूर विरला की पुढचं कोणतं सुरू होणार हे अंगात भिनतं. अल्बम एक अखंड वस्तू म्हणून ऐकण्याची सवय मुख्यतः अशी लागते. ज्या शहरात कॉलेजातली पोरं, सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यांतले अभियंते आणि नव्यानं आलेले संगणकवाले एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षं त्याच बाजू ऐकत होते, त्या शहरात पुढे अख्खा अल्बम मंचावर ऐकायला श्रोते मिळाले याचं नवल वाटू नये. पब हे वाचनालय झालं होतं. बिअर हे त्याचं सभासदत्व. त्याच सुमारास मंचही वाढले. नॅशनल लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनी भरवलेल्या महोत्सवाला बीटल्सच्या गाण्यावरून 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' हे नाव मिळालं, आणि १९९६ पासून स्वातंत्र्यदिनाला 'फ्रीडम जॅम' भरू लागलं, जिथे नवा-जुना कोणीही बँड येऊन वाजवू शकतो.

अख्खा अल्बम क्रमानं वाजवणं आणि त्यातली चार गाजलेली गाणी वाजवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी माणसाला हे समजायला वारकरी भजनाकडे पाहिलं की पुरे. भजनी मालिकेत अभंगांचा क्रम ठरलेला असतो. रूपाचा अभंग कधी, गौळण कधी, आरती कधी. क्रम मोडला तर एकेक अभंग तोच राहतो, पण भजन तेच राहत नाही. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' घ्या, सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, हृदयाच्या ठोक्यांनी संपतो, मधली गाणी एकमेकांत मिसळतात. पैशावरचं गाणं सात मात्रांत चालतं, रूपकासारखं. गिटारची मोठी जागा आली की ते चारांत येतं आणि मग पुन्हा सातांत. ज्या ढोलकरी पोरानं आयुष्यभर चारांतच वाजवलं त्याला हा सांधा घाम फोडतो. घड्याळांचे गजर, नाण्यांचा खुळखुळाट, चालत्या पावलांचे आवाज हे स्टुडिओत फिती कापून जोडलेले. ते मंचावर संगणकातून सोडायचे तर ढोलवाल्याच्या कानात सतत टिकटिक हवी, नाहीतर माणूस आणि यंत्र यांची फारकत होते. सिंथेसायझरचा तो धावता आवाज, मधला सॅक्सोफोन, यांसाठी चौघांचा बँड पुरत नाही. आणि पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टॉरीचं शब्दाविना गाणं. १९७३ च्या जानेवारीत तिनं ते उत्स्फूर्तपणे गायलं. पुढे तिनं दावा लावला आणि तडजोडीनंतर संगीतकार म्हणून तिचंही नाव लागलं. एकदाच घडलेली ती उत्स्फूर्त लकेर आज बंदिश झाली आहे. ती गाणारी मुलगी जागच्या जागी नवं काही करायला गेली तर श्रोते अस्वस्थ होतात. नुसतं पाठ म्हणायला गेली तर ती मेलेली वाटते. आपल्याकडे घराण्याची चीज गाणाऱ्यापुढे हाच पेच असतो.

इथे एक गोष्ट विसरली जाते. काही अल्बम त्यांच्या कर्त्यांनीच कधी मंचावर केलेले नाहीत. बीटल्सनी दौरे ऑगस्ट १९६६ मध्ये बंद केले. 'सार्जंट पेपर' आला १९६७ मध्ये. म्हणजे ते अख्खं संगीत मूळ चौघांच्या हातून प्रेक्षकांसमोर एकदाही घडलं नाही. अख्खा अल्बम म्हणून त्याचा मंचावरचा इतिहास हा इतरांनी वाजवण्याचा इतिहास आहे. अशा वेळी नक्कल हा शब्द लावायचा तर कशाची नक्कल म्हणायची? तिथे ट्रिब्यूट बँड पहिला सादरकर्ता ठरतो, नाटककाराच्या मागे राहिलेल्या संहितेला रंगमंच देणाऱ्या नटसंचासारखा.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सगळ्यांत वजनदार: दुसऱ्याचं वाजवत राहिल्यानं स्वतःचं सुचत नाही. यात तथ्य आहे, आणि ते पैशात आहे. क्लबच्या मालकाला बुधवारची संध्याकाळ भरायची असते. ओळखीच्या गाण्यावर लोक येतात, थांबतात, पितात. नव्या रचना घेऊन आलेल्या बँडला तो तारीख देत नाही, किंवा दुसऱ्यांच्या दोन गाण्यांमध्ये एक आपलं घाला म्हणतो. हे नुकसान खरं आहे आणि बंगळूरच्या कितीतरी बँडांनी ते सोसलं आहे. पण पैशाची अडचण आणि प्रतिभेची अडचण या एक नव्हेत. पुरावा काय सांगतो? ह्यूमन बाँडेजचे रमेश शोथम बंगळूरच्याच कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनमध्ये तविल हे तालवाद्य शिकले आणि जर्मनीत जाऊन जॅझ आणि कर्नाटक ताल यांच्या मिलाफाचे जाणते वादक झाले. राधा थॉमस जॅझकडे वळल्या. थर्मल अँड अ क्वार्टर हा बँड १९९६ पासून स्वतःची गाणी करत आला आहे, आणि त्यांतल्या गिटारचे वळसे ऐकले की या माणसांनी किती जुनं ऐकून पचवलं असेल ते कळतं. १९९८ चा क्रिप्टॉस हा तर बोलका दाखला: ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल एवढं आत्मसात केलेला हा बंगळूरचा बँड स्वतःची गाणी घेऊन जर्मनीच्या वाकन महोत्सवात २०१३ मध्ये वाजवून आला. मुंबईत तेच. रॉक मशीन हा बँड दुसऱ्यांची गाणी वाजवत सुरू झाला आणि १९८८ मध्ये स्वतःच्या रचनांचा अल्बम घेऊन आला. नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव, १९७४ मध्ये अॅलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडास होऊन गायले, आणि चार वर्षांनी 'तीन पैशाचा तमाशा'तून तो रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर आला. उजळणीनं यांतल्या कुणाची वाट अडवली नाही. जे तिथेच थांबले ते बहुधा नोकरीमुळे, संसारामुळे, पैशाअभावी थांबले.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा आहे: हुबेहूब करणं ही कला नव्हेच. इथे मी आक्षेपकाच्या अर्ध्या बाजूनं आहे. केसांचा टोप, मिशा, तोच कोट, तीच मान हलवण्याची लकब, हे सगळं जत्रेतल्या बहुरूप्याचं काम. त्याला त्याची जागा आहे, पण संगीताच्या इतिहासात ती छोटी आहे. बंगळूरच्या रीतीचं मला भावणारं वैशिष्ट्य हे की इथे टोपाला फारसा मान मिळाला नाही. वाजवणारे आपल्याच कपड्यांत येतात, आणि श्रोते सुरांचा हिशेब मागतात. कुमार गंधर्वांनीच मोठेपणी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. त्या नावातला 'मला उमजलेले' हा शब्दप्रयोग सारी गुरुकिल्ली आहे. नाट्यपदं तीच, चाली त्याच, पण त्यांतून दिसतात ते कुमारांना दिसलेले बालगंधर्व. कुणी त्याला नक्कल म्हटलं नाही, कारण निवड, भर, विराम या सगळ्यांत एक टीकाकार जागा होता. चांगल्या ट्रिब्यूटची कसोटीही तीच. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचा मूळ हॅमंड ऑर्गन मार्शल अॅम्प्लिफायरमधून गुरगुरत असे. इथल्या वादकाकडे ते दोनशे किलोचं धूड नसतं, हलका कीबोर्ड असतो. ती गुरगुर कशात होती, सुरात, स्पर्शात की कर्कशपणात, हे ठरवल्याखेरीज त्याला ती आणता येत नाही. मूळ गायकाचा टिपेचा सूर लागत नसेल तर सगळ्यांनी अर्धा सूर उतरायचं की गायकानं ओळ बदलायची, हाही निर्णय अर्थाचाच असतो. साधनांची उणीव इथे प्रत्येक वेळी निवड करायला लावते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. ही सगळी परंपरा कँटोन्मेंटची, इंग्रजीची, जिन्सवाल्यांची. पेठेतल्या कन्नड माणसाला तिच्यात दार नव्हतं. हे बरंचसं खरं आहे. क्लबचं प्रवेशशुल्क आणि इंग्रजी शब्द या दोन भिंती होत्याच. पण उजळणी ही वृत्ती मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहे. राज्योत्सवाला आणि गणेशोत्सवाला गल्लोगल्ली उभा राहणारा ऑर्केस्ट्रा डॉ. राजकुमारांची गाणी त्यांच्याच गळ्याच्या धर्तीवर गातो तेव्हा तोही ट्रिब्यूटच असतो, जसा आपल्याकडच्या मंडपातला ऑर्केस्ट्रा असे. २००५ मध्ये सी. अश्वत्थ यांनी पॅलेस ग्राउंड्सवर 'कन्नडवे सत्य' केलं तेव्हा कन्नड भावगीतांसाठी केवढा समुदाय लोटला, ते शहर विसरलेलं नाही. आणि भिंत ओलांडणारेही झाले. नाशिकला जन्मलेले, म्हैसूरला वाढलेले रघू दीक्षित संत शिशुनाळ शरीफांची पदं गिटारवर घेऊन उभे राहिले. दोनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या संताची ती पदं म्हणजे दुसऱ्याचीच गाणी, आणि त्यांतूनच बंगळूरला आपला सर्वांत ओळखीचा आवाज मिळाला.

या परंपरेवरचा खरा घाव टीकेतून आला नाही, परवान्यातून आला. बंगळूरमध्ये 'लाइव्ह बँड' या शब्दाला एक भलताच अर्थ चिकटला होता: ज्या बारमध्ये स्त्रिया गातात किंवा नाचतात ते 'लाइव्ह बँड रेस्टॉरंट'. महाराष्ट्रात डान्सबारबंदी आली त्याच २००५ मध्ये कर्नाटक पोलीस कायद्याखाली बंगळूरच्या सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी परवान्यांचा आदेश निघाला. त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश उचलून धरला. मग त्या वर्षी पोलिसांनी पबना परवाने मागायला सुरुवात केली. इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रासारखी कागदपत्रं जुन्या बंगल्यांत थाटलेल्या जागांकडे असणं कठीण होतं, आणि इंदिरानगरसारख्या वस्तीत रात्रीच्या आवाजाला कंटाळलेल्या रहिवाशांची तक्रारही खोटी नव्हती. पण ज्या नियमाचा रोख एका प्रकारच्या बारवर होता त्यात गिटार घेतलेली चार पोरंही सापडली. बँडांना मंच देणारं इंदिरानगरचं हमिंग ट्री २०१९ मध्ये बंद झालं. अशी दोनशे-तीनशे माणसांची खोली गेली की तिच्याबरोबर तालमीची, चुकण्याची आणि सुधारण्याची जागा जाते. ती मोठ्या मैदानावर मिळत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न: आता मूळ कलाकारच येऊ लागले, मग उजळणी कशाला? डीएनए नेटवर्क्स या बंगळूरच्याच संस्थेच्या धडपडीमुळे आणि शहराच्या मध्यावर पॅलेस ग्राउंड्स असल्यामुळे नव्या शतकात ते खरोखर आले. २००१ मध्ये डीप पर्पल, २००२ मध्ये पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स, २००७ मध्ये एरोस्मिथ, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आयर्न मेडन, भारतात प्रथमच. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीजवळचा मेटॅलिकाचा कार्यक्रम रद्द झाला. दोन दिवसांनी बंगळूरचा नीट पार पडला. हे बँड आले तेव्हा मैदानावरचा जमाव गाण्याच्या आधी गात होता. तो जमाव काही विमानतळावर त्यांच्याबरोबर उतरला नव्हता. टंचाईच्या काळात ज्यांनी ही गाणी वाजवत ठेवली त्यांनी तो तयार केला होता. आणि मूळ कलाकार कायमचे नसतात. पिंक फ्लॉइडचे रिचर्ड राइट २००८ मध्ये गेले, जॉन लॉर्ड २०१२ मध्ये, रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स २०२१ मध्ये.

चार्ली वॉट्स बंगळूरला वाजवून गेले होते. ४ एप्रिल २००३ रोजी रोलिंग स्टोन्स पॅलेस ग्राउंड्सवर उभे राहिले. या बँडचं नाव मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलेलं. त्यांची १९६३ ची पहिली तबकडी चक बेरीचं गाणं होतं, आणि १९६४ चा पहिला अल्बम बहुतांशी शिकागोच्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या काळ्या गायकांच्या गाण्यांचा. लंडनच्या उपनगरातल्या या पोरांनी ते संगीत दुर्मीळ, आयात केलेल्या तबकड्यांवरून, सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून उतरवलं होतं. त्या संध्याकाळी मंचावरचे पाहुणे आणि समोरचं शहर एकाच शाळेत शिकलेले होते.